वसईच्या वाडीतला हिवाळा

वसईचा हिवाळा कार्तिकात उतरतो आणि माघ सरता सरता आटोपतो. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर अशा चौकटीत हा सखल प्रदेश बसलेला आहे. समुद्र उशाशी असल्यामुळे इथे बर्फ तर नाहीच, पण देशावर पडते तशी हाडे गोठवणारी थंडीही नाही. खाडीपलीकडच्या सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, तेही २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाचे. काश्मिरी माणूस या आकड्याला हसेल. कौलारू घरात, मातीच्या भुईवर आणि एका गोधडीत झोपणाऱ्या वसईकराला मात्र तेवढाच गारठा पुरेसा होता.

उत्तरेत हिमवर्षाव होऊन गेला की तिकडचे कोरडे, गार वारे गुजरातवरून कोकणपट्टीच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचतात. दिवसा समुद्रावरून येणारा वारा त्यांची धार बोथट करतो. रात्री वारा फिरतो, डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागतो आणि निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने निवते. पहाटे भाताच्या धसकटांवर दव साचते. वाडीतल्या बावखलाचे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने त्यावर वाफेचा पातळ थर तरंगतो. किल्ल्याच्या तटापेक्षा आतल्या वाड्यांमध्ये गारवा जास्त जाणवतो तो या पाण्यामुळे आणि झाडांच्या दाटीमुळे. वसईच्या हिवाळ्याचा इतिहास बराचसा या वाडीचा आणि तिच्या पाण्याचा इतिहास आहे.

किनाऱ्यालगतच्या पुळणीमागे वाळूमिश्रित जमिनीचा लांब पट्टा आहे. या जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर गोड्या पाण्याचा थर धरून राहते. हे पाणी फार खोल नसते. माणसांनी तिथे विहिरी खणल्या, आणि विहिरींच्या जोडीला बावखले. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे छोटे तळे. पावसाळ्यात ते भरते, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देते, पुढे उन्हाळ्यापर्यंत बागेला पुरते. विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, माळेवरची मडकी एकामागून एक वर येऊन पन्हळीत रिती होत आणि पाटाने पाणी केळीच्या आळ्यात जाई. केळी, नारळ, सुपारी, पानवेली, ऊस, मोगरा, भाजीपाला ही सारी या पाण्यावरची पिके.

ही व्यवस्था किती जुनी, याचा एक चांगला साक्षीदार परदेशी आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली, आणि त्यानंतर दोनशे वर्षे हे उत्तर फिरंगाणातले त्यांचे मुख्य ठाणे होते. १६९५मध्ये नेपल्सचा प्रवासी जेमेली करेरी इथे आला. शहराबाहेर पंधरा मैलांपर्यंत नुसत्या बागा पसरल्या आहेत, त्यांत माड, आंबा आणि ऊस आहे, ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू शेतकरी त्या राखतात आणि यंत्रांनी पाणी चढवून त्या कायम हिरव्या ठेवतात, अशा आशयाचे वर्णन त्याने लिहून ठेवले. त्याची ती यंत्रे म्हणजे रहाट. पुढे मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, १८०२च्या शेवटच्या दिवशी इथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि थोड्याच वर्षांत मुलूख इंग्रजांकडे गेला. इतिहासाची पुस्तके या तीन तारखांवर थांबतात. रहाट मात्र तीनही राजवटींत फिरत राहिला, आणि वाडीच्या दृष्टीने पाहिले तर तीच महत्त्वाची घटना आहे.

कोकणात पावसाळा संपला की डोंगर महिन्या-दोन महिन्यांत पिवळे पडतात. ओढे आटतात, गवत वाळते. अशा वेळी वसईच्या पट्ट्यात सावली, ओल, फुले, किडे आणि गोडे पाणी एकत्र मिळे. एका अंगाला खारफुटी आणि मिठागरे, दुसऱ्या अंगाला भातखाचरे, मध्ये वाड्या. दोन-तीन मैलांच्या आत इतक्या तऱ्हेच्या जागा असल्यावर पाखरे आणि जनावरे जमली नसती तरच नवल. वसईच्या परसातले हे जीवन कोणी मुद्दाम पाळले नव्हते. शेतकऱ्याने पाणी राखले ते केळीसाठी, पाखरे आपोआप आली.

हिवाळ्याची वर्दी देणारा पाहुणा म्हणजे धोबी. त्याला परीटही म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो पाटाच्या कडेला शेपटी वरखाली हलवत फिरू लागला की पाऊस गेला हे नक्की. राखी, पिवळा आणि पांढरा असे त्याचे निरनिराळे भाऊबंद हिमालयापासून सायबेरियापर्यंतच्या प्रदेशांत वीण करतात, आणि तिकडे जमीन बर्फाखाली जाण्याआधी दक्षिणेला निघतात. त्यांच्या आगेमागे माळावरच्या पाकोळ्या, कुंपणावर बसून किडे टिपणारा खाटीक, शेपूट थरथरवणारा थिरथिरा, बांबूच्या बेटात नुसता आवाजानेच ओळखू येणारा वटवट्या आणि आमराईतला पिवळाधमक हळद्या येतो. बावखलाच्या काठाला तुतवार ठुमकत असतो. थवा करून येणाऱ्या भोरड्या मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून येतात आणि माघात पांगारा नि काटेसावर फुलले की त्या झाडांवर एवढा कलकलाट करतात की खाली बोललेले ऐकू येऊ नये. पांगारा वाडीच्या कुंपणाला लावायचे झाड. त्याच्या लाल फुलांतला मध चाखायला भोरड्या, बुलबुल, कोतवाल आणि कावळे एकाच फांदीवर भांडतात.

तोच पक्षी दर वर्षी त्याच वाडीत येतो, ही गोष्ट जुन्या माणसांना नजरेने ठाऊक असे. शास्त्राने तिची खात्री करून दिली ती विसाव्या शतकात. डॉ. सालिम अली यांनी कडी घातलेला एक राखी धोबी कित्येक हिवाळे ओळीने मुंबईतल्या एकाच छोट्या हिरवळीवर परतत राहिला. हजारो मैलांचा प्रवास करून एवढासा पक्षी आपले परस चुकत नाही, याचा हा पुरावा त्यांनी भारतीय पक्ष्यांवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवला. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३मध्ये स्थापन झाली होती, आणि सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची तपशीलवार यादी १९३६पासून तिच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. साष्टीची हद्द वसईच्या खाडीपाशी संपते. यादीही तिथेच थांबली. खाडी ओलांडायला पक्ष्यांना दोन मिनिटे लागतात, अभ्यासकांना बराच जास्त काळ लागला. वसईच्या पाखरांची नोंद म्हणून बराच काळ लोकांच्या तोंडी असलेली नावेच राहिली. अशी गावोगावची नावे मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ात जमवली नसती तर त्यांतली अनेक आज पुसली गेली असती.

पाहुण्यांपेक्षा घरच्यांचा वावर अर्थातच मोठा. दिवाळीच्या सुमारास भात कापून होई, उडव्या रचल्या जात, खळ्यावर झोडणी चाले. पाखरांना ही पर्वणी. मुनिया, चिमण्या, पोपट आणि पारवे खळ्याभोवती जमत. भात कणगीत गेले की त्याच्या मागे उंदीर घरात शिरत, उंदरांच्या मागे धामण, आणि रात्री गव्हाणी घुबड. घुबडाला अशुभ मानणाऱ्या घरातही कणगीच्या राखणीचे काम तेच करी. धामण निरुपद्रवी असते हे बहुतेकांना माहीत होते, आणि तरीही ती पुष्कळदा काठीखाली सापडे. हिवाळ्याच्या सकाळी साप, सरडे आणि घोरपडी ऊन खायला बाहेर येतात. बावखलाच्या काठावर दिवड असाच पसरलेला दिसे. तळ्यात मरळ, शिंगाळ्यासारखे मासे आणि कासवे. वर खंड्या, ढोकरी, लाजरी पाणकोंबडी आणि बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. दुपारी मुंगूस कुंपणाच्या कडेने निघून जाई.

रात्रीचा खरा मालक कांडेचोर, म्हणजे उदमांजर. भंडारी समाजाचा ताडी-माडी काढण्याचा धंदा या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्यांचा आहे, आणि थंडीत उतरलेली ताडी उशिरा आंबते म्हणून अधिक गोड लागते. ही गोडी कांडेचोरालाही कळते. तो झाडावर चढून मडक्यात तोंड घालतो, वटवाघळे रस चाटतात, सकाळी बुलबुल आणि मधमाश्या उरलेल्यावर तुटून पडतात. इंग्रजांनी या प्राण्याला ताडीमांजर असेच नाव दिले होते. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर झाडागणिक करांचा बोजा वाढला आणि भंडाऱ्यांचे कंबरडे मोडले. कांडेचोराकडून मात्र सरकारला एक पैचाही कर वसूल करता आला नाही.

आगाशीकडच्या सुकेळ्यांचा धंदाही कोरड्या हवेचा. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून चटयांवर दिवसाच्या उन्हात वाळवायची, रात्री दव लागू नये म्हणून झाकून ठेवायची आणि तयार झाल्यावर केळीच्याच सुक्या पानात बांधायची. वाळवणापाशी कावळा, खार आणि मुंग्या यांच्यापैकी कोणी ना कोणी हजर असतेच, त्यामुळे राखणीला घरातले एक म्हातारे माणूस लागे. थंडीतले अंगणातले ऊन आणि हे काम, दोन्ही त्याच्या वाट्याला येत. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते ती या हंगामाच्या तोंडाशी. एका शंकराचार्यांच्या समाधीचे स्थान म्हणून निर्मळला दूरदूरचे लोक येतात. तिथला तलाव थंडीत पाणपक्ष्यांचा ठिकाणा आहे. जानेवारीत भोगी येते, आणि वाल, पावटा, घेवडा, वांगी असा वाडीतला सगळा हिवाळा एका भाजीत उतरतो.

वसईच्या ख्रिस्ती समाजाचे हिवाळी सण याच पंचांगात बसले. ऑक्टोबरच्या आरंभी आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण. भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद दिला जातो. डिसेंबरात नाताळ, आणि त्याआधी अंगणात येशूजन्माचा गोठा. गोठ्याला लागणारा पेंढा नुकत्याच झोडलेल्या भाताचा. युरोपातून आलेल्या चित्रांत या गोठ्यावर बर्फ असतो म्हणून वसईत कापूस पसरला जाऊ लागला. खरे पाहता बेथलेहेमपेक्षा वसईच्या गोठ्यातले गाय-वासरू जास्त अस्सल होते, कारण ते शेजारच्याच गोठ्यातून पाहून केलेले असे.

बर्फाच्या देशांत परसातल्या पाखरांशी माणसाचे नाते वेगळ्या वाटेने तयार झाले. नॉर्वेत नाताळाला ओटची पेंढी खांबावर बांधून पाखरांसाठी ठेवण्याची जुनी रीत आहे. इंग्लंडात १८९०-९१चा हिवाळा फार कडक गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी लोकांना पक्ष्यांना दाणे टाकण्याचे आवाहन केले, आणि पुढे तिथे घरोघरी दाण्याची ताटली टांगण्याची सवय रुजली. अमेरिकेत १९०० सालच्या नाताळच्या दिवशी फ्रँक चॅपमन यांनी शिकारीऐवजी पक्षिगणनेची प्रथा सुरू केली. तिथे पाखरू उपाशी मरू नये म्हणून माणूस दाणे देतो. वसईत पाखराला खायला वाडीच देत होती. कावळ्याला घास, गाईला गोग्रास आणि दारावर टांगलेल्या लोंब्या टिपणाऱ्या चिमण्या एवढेच इथले दातृत्व.

या चित्राला फार मधाळ करण्यात अर्थ नाही. पाखरांना फासे लावले जात, पाणकोंबडी आणि बदके खाल्ली जात, मुले गलोल घेऊन हिंडत. साहेब लोकांना ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांतल्या पाणलाव्यांच्या शिकारीचा षोक होता. १८६४मध्ये मुंबईहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे वसईवरून धावू लागली आणि १८६७च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली, तेव्हा बंदूकवाल्यांचाही प्रवास सोपा झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला कागदोपत्री तरी पायबंद घातला.

रेल्वेने वाडीला आधी भरभराट दिली. पाने, फुले, केळी आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. वसईच्या पानाला तर उत्तर हिंदुस्थानापर्यंत गिऱ्हाईक मिळाले. डिसेंबरच्या अंधारात डोक्यावर पाट्या घेऊन स्टेशनाकडे निघालेल्या बायका हे वसईचे कित्येक दशकांचे रोजचे दृश्य होते. मग रहाट गेले, तेलाची इंजिने आली, त्यांच्या जागी विजेचे पंप आले. पंपाने पाणी उपसायला बैलाचा दम लागत नाही, त्यामुळे किती उपसायचे याची मर्यादाही राहिली नाही. १९८०-९०च्या दशकांत विरार, नालासोपारा आणि वसई रोडच्या भोवती इमारतींची दाटी झाली. त्यांना नळाचे पाणी नव्हते, म्हणून पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींमधून टँकर भरले जाऊ लागले. गोड्या पाण्याचा वरचा थर उपसला गेला की खालचे खारे पाणी वर येते. अनेक विहिरी मचूळ झाल्या आणि पानवेली, ज्यांना खार अजिबात सोसत नाही, त्या सर्वांत आधी गेल्या.

याच काळात हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याच्या धोरणाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने चळवळ उभारली. तिच्या अग्रभागी लेखक आणि धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मोर्चे निघाले, दडपणे आली, तरी ख्रिस्ती-हिंदू शेतकरी एका मांडवात बसले. पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवळ उरली आहे तिचे पुष्कळसे श्रेय या लोकांचे आहे. २००३मध्ये तुंगारेश्वराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २००९मध्ये वसई-विरार महानगरपालिका आली आणि २०१४मध्ये तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला. सूर्या धरणाच्या पाण्याने शहराची तहान काही अंशी भागवली.

बावखले मात्र बुजत राहिली. वाडी वाटण्यांत तुटली की बावखल कोणाच्याच उपयोगाचे उरत नाही, कारण पाणी देण्याचे त्याचे काम नळ आणि कूपनलिका करतात. मग त्यात आधी कचरा पडतो, नंतर डबर, शेवटी वर चारचाकी उभी राहते. पावसाचे पाणी साठवणाऱ्या जागा अशा गेल्याने पावसाळ्यात वस्त्यांत पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. बावखल गेले की सर्वांत आधी टिबुकली जाते, मग पाणकोंबडी, मग खंड्या. धोबी डबक्याच्या किंवा गटाराच्या काठावरही निभावून नेतो, म्हणून तो दिसत राहतो आणि सगळे ठीक असल्याचा भ्रम टिकतो.

मोठ्या जनावरांचे वागणे टिबुकली-पाणकोंबडीच्या उलट आहे. खारफुटीतला कोल्हा टिकून आहे, आणि थंडी हा त्याचा विणीआधीचा जोड्या जुळण्याचा काळ असल्यामुळे कोल्हेकुई याच दिवसांत जास्त ऐकू येते. २०२४च्या मार्चमध्ये तर खुद्द वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये वन विभागाने त्याला पिंजऱ्यात धरले. जंगल वाढले म्हणून बिबट्या आला, असे त्यावरून कोणी समजू नये. डोंगर आणि समुद्र यांच्यामधली मोकळी जागा संपल्यामुळे तो माणसांच्या नजरेस पडतो.

भारतीय उपखंडात १९८७पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. या कामात हौशी माणसाला शिकता येते आणि नोंदीही उपयोगी पडतात. वसईची थंडी पाहायची असेल त्याने डिसेंबर-जानेवारीत, ओहोटीची वेळ पाहून भुईगाव किंवा रानगावच्या किनाऱ्यावर कुरव आणि चिखल्यांसाठी जावे, गास-सोपाऱ्याकडच्या पाणथळीत बदके पाहावीत, आणि उन्हे तापण्याआधी निर्मळच्या तलावाला एक फेरी मारावी. ज्यांच्या वाडीत अजून बावखल आहे, त्यांनी ते गाळ काढून राखावे. पावसाळ्यानंतर कडेचे सगळे गवत एकदम कापू नये, कारण वटवट्या आणि पाणकोंबडी त्यातच राहतात.